तीन ओळींना एकच क्रमांक देणाऱ्या टिपणकारास खुले पत्र

टिपणकार महोदय,

होमॉलॉजिकल अल्जिब्रावरची तुमची टिपणं एमएस्सीच्या मुलांमध्ये हातोहात फिरतात. ती फुकट मिळतात, मेहनतीने लिहिलेली आहेत आणि मुलं त्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवतात. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. ज्या टिपणांना कुणी हात लावत नाही, त्यांच्यातल्या निष्काळजीपणाने कुणाचं काही बिघडत नाही. तुमच्यातल्याने बिघडतं.

तक्रार नाइन लेमाच्या पानाची आहे. तिथे एक मोठा कम्युटेटिव्ह डायग्रॅम आहे: तीन आडव्या ओळी, तीन उभे स्तंभ आणि भोवती शून्यांची चौकट. वरची ओळ ए ची, मधली बी ची, खालची सी ची. उजव्या समासात, डायग्रॅमच्या बरोबर मध्यावर, एकुलता एक क्रमांक: (१४). मग सिद्धता सुरू होते. "(१४) मधली दुसरी ओळ एक्झॅक्ट असल्यामुळे", असं तुम्ही म्हणता. पुढे "वरच्या ओळीवरून" येतं. मग "आधीच्या ओळीतला बाण घेऊन". आणि शेवटी, हात झटकून, "उरलेल्या ओळीचंही तसंच".

दुसरी ओळ कुठली, महोदय? छापलेल्या डायग्रॅममध्ये सगळ्यात वर शून्यांची ओळ आहे. ती मोजली तर दुसरी ओळ ए ची. सोडली तर बी ची. "वरची" म्हणजे सगळ्यात वरची, की जिच्याबद्दल आता बोलणं चाललंय तिच्या लगेच वरची? तुमच्या मनात उत्तर पक्कं असेल, पण वाचकाला तुमचं मन दिसत नाही, पान दिसतं.

"समजून घ्यावं की वाचकाने", असं म्हणून हे टाळता येणार नाही, कारण नाइन लेमामध्ये सगळा खेळच कुठल्या दोन ओळी हातात आहेत याचा आहे. तिन्ही स्तंभ एक्झॅक्ट आहेत असं धरा. वरच्या दोन ओळी एक्झॅक्ट असतील तर खालची आपोआप एक्झॅक्ट होते. खालच्या दोन असतील तर वरची होते. पण वरची आणि खालची दिली असेल, तर मधली आपोआप होत नाही. मधल्या ओळीतले दोन बाण एकापाठोपाठ लावल्यावर शून्य येतं, ही अट वेगळी द्यावी लागते.

ही अट नावापुरती नाही. एकमितीय सदिश अवकाशाला के म्हणा. वरच्या ओळीत शून्य, के, के घ्या आणि खालच्या ओळीत के, के, शून्य. के पासून के कडे जाणारे बाण जसंच्या तसं नेणारे. दोन्ही ओळी एक्झॅक्ट आहेत. मधल्या ओळीत के, मग के ची जोडी, मग के. पहिला बाण एक्सला (एक्स, एक्स) वर नेतो, दुसरा जोडीतला पहिला घटक उचलतो. सगळे चौकोन कम्यूट होतात, तिन्ही स्तंभ एक्झॅक्ट आहेत, आणि मधल्या ओळीत दोन बाण चालून गेल्यावर हाती पुन्हा एक्सच येतो, शून्य नाही. म्हणजे ओळ ओळखण्यात एका घराची गल्लत झाली की खरं विधान खोटं होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तुमचं "वरच्या ओळीवरून" प्रामाणिकपणे सगळ्यात वरची ओळ असं वाचलं, वरची आणि खालची ओळ धरून मधली सिद्ध केली आणि ती अट तिच्या वहीत आलीच नाही. तो दोष मी तिच्या नावावर मांडणार नाही. तुमच्या मांडतो.

मूळ गफलत अशी की डायग्रॅम हे एक चित्र आहे आणि चित्राला एक क्रमांक पुरतो, असं तुम्ही धरून चालता. आयलेनबर्ग आणि स्टीनरॉड यांचं 'फाउंडेशन्स ऑफ अल्जिब्राइक टोपॉलॉजी' १९५२ साली आलं. त्या काळापासून असे डायग्रॅम सिद्धतेचा भाग आहेत, शोभेचा नाही. त्यातली प्रत्येक एक्झॅक्ट ओळ हे एक स्वतंत्र विधान असतं. इथे बाण एकास एक आहे, इथे आच्छादक आहे, इथे एकाचं प्रतिबिंब तेच दुसऱ्याचं कर्नल आहे. ही तीन विधानं तुम्ही साध्या समीकरणांत लिहिली असती, तर प्रत्येकाला बिनबोभाट क्रमांक दिला असता. बाण काढले म्हणून त्यांचा हक्क का गेला?

१९८० च्या 'इट्स माय टर्न' या चित्रपटात जिल क्लेबर्ग प्राध्यापिका झाली आहे आणि ती फळ्यावर स्नेक लेमाची सिद्धता देते. फळ्यापाशी उभ्या माणसाला ओळींना क्रमांक लागत नाहीत, त्याच्याकडे बोट असतं. छापील पानावर क्रमांक हेच ते बोट. तुम्ही पान दिलंत आणि बोट काढून घेतलंत.

भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मर्मिन यांनी १९८९ साली 'फिजिक्स टुडे'त समीकरणं कशी लिहावीत यावर एक लेख लिहिला. त्यातला पहिला नियम त्यांनी मायकेल फिशर यांच्या नावावर ठेवला: वेगळ्या ओळीत मांडलेल्या प्रत्येक समीकरणाला क्रमांक द्या. लेखकाला त्याचा उल्लेख करायचा नसला तरी वाचकाला करायचा असू शकतो, हे त्यामागचं कारण. दुसऱ्या नियमात ते म्हणतात की नुसता क्रमांक फेकू नका, सोबत त्या समीकरणाची ओळख सांगणारे दोन शब्दही लिहा. मी तर फिशर यांच्याइतकंही मागत नाही. ज्या ओळींचा आधार तुम्ही स्वतः घेता, तेवढ्यांनाच क्रमांक द्या. "बी ची ओळ (१५) एक्झॅक्ट असल्यामुळे" एवढं लिहिलंत तरी वाचकाची वाट चुकणार नाही.

तुमच्या पद्धतीतला सगळ्यात वाईट भाग तर छापल्यावर दिसतही नाही. लाटेकमध्ये लेबल लावून संदर्भ दिला, की मध्ये एखादी ओळ घातली तरी फाइल पुन्हा कंपाइल केल्यावर क्रमांक आपोआप सरकतात. लेबल चुकलं तर दोन ठळक प्रश्नचिन्हं छापली जातात आणि इशारा येतो. "तिसरी ओळ" या शब्दांबद्दल कुठलाही प्रोग्राम इशारा देत नाही. उद्या तुम्ही डायग्रॅमच्या डोक्यावर एक ओळ वाढवाल, तिसरी चौथी होईल आणि सिद्धता चुकीच्या ओळीकडे बोट दाखवत वर्षानुवर्षं मुलांच्या हातात राहील.

आता "लाटेक ते करू देत नाही" या सबबीकडे येतो. समीकरणाच्या चौकटीत ठेवलेला डायग्रॅम लाटेकच्या दृष्टीने एक अखंड डबा असतो आणि एका डब्याला तो एकच क्रमांक देतो, इथवर तुमचं खरं आहे. पण वाट इथेच संपत नाही. टिकझेड-सीडी या पॅकेजने काढलेला डायग्रॅम म्हणजे मुळात ओळी आणि स्तंभांचं एक कोष्टकच असतं. उजवीकडे एक स्तंभ वाढवा. हव्या त्या ओळीच्या शेवटच्या सेलमध्ये 'रेफस्टेपकाउंटर'ने समीकरणांचा काउंटर एकाने पुढे न्या, तो आकडा कंसात छापा आणि त्याच सेलमध्ये लेबल लावा. लेबल त्याच सेलमध्ये हवं, कारण सेलबाहेर पडलं की त्या क्रमांकाची आठवण पुसली जाते. अख्ख्या डायग्रॅमला वेगळा क्रमांक पडू नये म्हणून तो समीकरणाच्या चौकटीऐवजी 'सेंटर'मध्ये ठेवा. शून्यांच्या ओळी कोऱ्या सोडा. झालं.

क्रमांक थेट समासाच्या रेषेत हवेत? टिकझेड-सीडी प्रत्येक सेलला ओळ आणि स्तंभाच्या आकड्यांवरून नाव देतो. ते नाव धरून, चित्र पूर्ण झाल्यावर, क्रमांक हव्या त्या उंचीवर ठेवता येतो. डायग्रॅम साधा, चौकोनी असेल तर एएमएस-मॅथची 'अलाइन' चौकटही चालते. एक्झॅक्ट ओळींना क्रमांक आपोआप पडतात, आणि उभ्या बाणांच्या मधल्या ओळींवर 'नोटॅग' लिहिलं की त्या बिनक्रमांकाच्या राहतात. यातलं काहीही एका संध्याकाळपलीकडचं काम नाही.

डोनाल्ड कनुथ यांना १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पसंत पडली नाहीत, म्हणून त्यांनी टेक हा अख्खा प्रोग्राम लिहायला घेतला. त्याच्या साध्या रूपातही ओळीगणिक क्रमांक देणारी 'इक्यूअलाइननो' ही आज्ञा आहे. ज्या साधनाच्या मुळाशी वाचकाच्या डोळ्यांची एवढी काळजी आहे, ते वापरून तुम्ही वाचकाला ओळी बोटांनी मोजायला लावता. याला अडचण म्हणत नाहीत, आळस म्हणतात. तुमचा वाचलेला अर्धा तास प्रत्येक वाचक आपल्या खिशातून भरतो, आणि नवखा मुलगा सगळ्यात जास्त भरतो, कारण चूक लेखकाची असू शकते हे त्याला अजून माहीत नसतं.

क्रमांकांची गर्दी होईल ही भीतीही खरी नाही. नाइन लेमाला तीन क्रमांक लागतात, फाइव्ह लेमाला दोन. नुसता समजावण्यापुरता काढलेला डायग्रॅम असेल तर एकही नको.

तेव्हा मागणी सरळ आहे. टिपणांची पुढची आवृत्ती चढवण्याआधी "वरची", "दुसरी", "आधीची", "उरलेली" हे शब्द फाइलमध्ये शोधा. जिथे ते डायग्रॅमच्या ओळीबद्दल असतील, तिथे त्या ओळीला लेबल लावा आणि शब्दाच्या जागी संदर्भ घाला. नाइन लेमापासून सुरुवात करा, आणि मधल्या ओळीची ती अट तिच्या क्रमांकासह ठळकपणे लिहा. तोवर तुमचं ते पान मी वर्गात वाटणार नाही.

कळावे,
तुमचा एक वाचक आणि तुमच्या वाचकांचा शिक्षक