श्री. वस्तू व सेवा कर यांस, एका करदात्याचं पत्र

श्री. वस्तू व सेवा कर,
मु. पो. पाच रुपयांचा बिस्किटपुडा.



1 जुलै 2017 पासून तुम्ही आमच्या घरी मुक्कामाला आहात, पण त्रास म्हणून कणभर नाही. तुमचे थोरले बंधू प्राप्तिकर आले की घर डोक्यावर घेतात. किती कमावता, कुठे ठेवता, फॉर्म सोळा दाखवा! तुम्ही आपले पुड्यात गुपचूप. सहा वर्षांची नात पुडा घेऊन येते, तेव्हा आपण कर भरून आलो हे तिच्या गावीही नसतं. सप्टेंबर 2025 पर्यंत त्या पाचांतले 76 पैसे तुमचे होते. आता 24 वर भागवता. केवढा हा त्याग!

समानता तर तुमच्याकडून शिकावी. 299 चं रिचार्ज मी मारलं तरी तुमचे सुमारे 46 रुपये, आमच्या धुण्याभांड्याच्या मावशींनी मारलं तरी 46. रिचार्जला 18 टक्के, सोन्याला मात्र तीनच. बरोबरच आहे, अडीनडीला सोनंच उपयोगी पडतं. महिनाअखेर माझ्याकडे उरतं त्याचे मी शेअर घेतो, त्या शेअरांना तुम्ही शिवतही नाही. खर्चावरच्या करानं बचतीची सवय लागते, असं जाणकार म्हणतात. मावशींना सांगून पाहिलं. त्या हसल्या आणि भांडी विसळू लागल्या.

तुमचे एक चुलते होते. केंब्रिजच्या अर्थतज्ज्ञ कॅल्डॉरसाहेबांच्या सल्ल्यानं 1957 मध्ये धनिकांच्या खर्चावर कर बसवणारा कायदा झाला. 1962 मध्ये तो कर गेला, 1964 मध्ये परतला, 1966 मध्ये पुन्हा गेला. बिचाऱ्याचं एकच चुकलं. वर्षभरात किती उडवलेत, हे त्यानं बड्या लोकांनाच विचारलं. तुम्ही कुणालाच काही विचारत नाही, म्हणून टिकलात.

आता कामाचं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर 'आम्ही करदाते आणि ते फुकटे' या विषयावर मी गेली कित्येक वर्षं लिहितो आहे. यंदा पेन्शन आणि व्याज मिळून बारा लाखांच्या आत आलं, नव्या पद्धतीत प्राप्तिकर शून्य. म्हणजे माझ्याच व्याख्येनं मी पलीकडच्या यादीत! तेव्हा साबण, बिस्किटं, रिचार्ज यांवर भरलेल्या कराची एखादी पावती शिक्क्यासह मिळावी, गटावर टाकता येईल.

मावशींना मात्र तसली पावती देऊ नये. त्याही गटात घ्या म्हणतील.

आपला,
एक करदाता (पावती येईपर्यंत तात्पुरता)