हद्दकाका

लहान मुले आनंदाने काही करीत बसली, की ते मुळातच बेकायदेशीर असले पाहिजे, अशी ज्यांची प्रामाणिक समजूत असते असे एक तरी सद्गृहस्थ प्रत्येक वसाहतीत असतातच, आणि वाचकांनी त्यांना आपापल्या जिन्यात पुष्कळदा चुकविलेही असेल. मानपाड्यातील आमच्या वसाहतीच्या वाट्याला जे आले, त्यांना मुले 'हद्दकाका' म्हणतात. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून त्यांनी ठाणे-कल्याणकडची भातखाचरे मोजण्यात हयात घालविली. पुढे पेन्शन सुरू झाली, परंतु मोजणी थांबली नाही. कोणाच्या मोटारीचे चाक पिवळ्या पट्ट्यावर आले, तर ते अतिक्रमण. शेजारणीची तुळस कठड्याबाहेर झुकली, तर तेही अतिक्रमण.

यंदा १४ नोव्हेंबरला, बालदिनानिमित्त, समितीच्या उत्साही भगिनींनी रंगविण्यासाठी मुलांना एक छापील चित्र वाटले: डोईवर लाल शंकूसारखी टोपी, पोटापर्यंत दाढी, हाती फावडे आणि शेजारी टपोरे अळंबे, असा बागेतला एक विलायती बुटका. हिमगौरीच्या सातांपैकी हा कितवा, यावर मुलांचे भांडण जुंपले असतानाच काका चष्मा पुशीत अवतरले.

"हा इसम मूळचा कोठला?" त्यांनी मला विचारले.

जर्मनीत असे मातीचे बुटके घडवीत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सर चार्ल्स आयशम नावाच्या इंग्रज जमीनदाराने ते मागवून लॅम्पोर्टच्या आपल्या बागेत मांडले, असे मी त्यांना सांगितले.

"म्हणजे बाग जमीनदाराची आणि फावडे याच्या हाती," काका गंभीरपणे म्हणाले. "मग हा कूळ. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ रोजीच हा मालक झाला. जमीनदार खुशाल दावा लावो!"

मुलांनी टाळ्या पिटल्या; बुटक्याची काही तरी बढती झाली, एवढे त्यांना उमगले होते. परंतु बुटक्याला मालकी बहाल करणारे हेच न्यायमूर्ती पुढच्याच क्षणी पाठीशी हात बांधून रांगेतून फिरू लागले, आणि मग एकाही खडूला स्वास्थ्य उरले नाही. टोपीचा लाल रंग रेषेबाहेर गेला, तेव्हा "उत्तरेकडे अर्धा आणा सरकलास" असा ठपका आला. शंकू-साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे सोळा, हे त्या पोराला कोठून ठाऊक असणार? "अर्धा आणा म्हणजे किती रुपये?" एवढेच त्याने भेदरून विचारले. एकीने गवत जांभळे केले, तर "बिनशेती परवानगी कोठे आहे?" दुसऱ्याने दाढी अळंब्याला टेकविली, तर "लगतच्या खातेदाराची संमती घे." पावणेचार वर्षांच्या एका चिरंजीवांनी बुटका, अळंबे, सतरंजी आणि स्वतःचा गुडघा यांत कसलाच भेद न ठेवता सर्वत्र हिरवा खडू फिरविला होता, त्यापुढे काका क्षणभर निःशब्द उभे राहिले आणि "हे एकत्रीकरण" असे पुटपुटून पुढे सरकले.

हा सारा जुलूम चालला होता तो कोणत्या भूमीवर, हेही लक्षात घेतले पाहिजे. ज्या मानपाड्यात नाल्याने अंग चोरून वाहावे, खाचरांनी मुकाट्याने वाहनतळ व्हावे आणि येऊरच्या डोंगराने दर पावसाळ्यानंतर इमारतींची एक नवी रांग आपल्या आणखी जवळ आलेली पाहावी, तेथे रेषा ओलांडल्याचा एकमेव गुन्हा मेणखडूंवर शाबीत होत होता.

रांगेच्या शेवटी येऊरच्या पाड्यावरून धुण्याभांड्याला येणाऱ्या एका बाईंची मुलगी बसली होती. तिने बुटक्याला जवळजवळ हात लावला नव्हता. चौकटीबाहेरचा सगळा समास मात्र तिने गेरूच्या रंगाने भरला होता, आणि पांढऱ्या रंगात आगकाडी बुडवून त्यावर त्रिकोणी अंगांची माणसे काढली होती. मध्ये तारपा वाजविणारा आणि भोवती हातांत हात गुंफलेली नाचणाऱ्यांची रांग. रांगेतल्या शेवटच्या गड्याने छापील रेषा ओलांडून बुटक्याचा मोकळा हात धरला होता.

आता पंचनामा होणार म्हणून आम्ही श्वास रोखले. काकांनी चष्मा कपाळावर चढविला आणि कागद बराच वेळ न्याहाळला. "इथे मी साखळी टाकली, तेव्हा खाचरेच होती सगळी," ते म्हणाले. "साखळीचे दुसरे टोक यांच्याच पाड्यावरचा गडी धरायचा." मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी कागदाच्या पाठीवर सुवाच्य अक्षरांत लिहिले, 'समक्ष पाहणी केली. वहिवाट जुनी दिसते. हद्दीबाबत तक्रार नाही', आणि खाली तारीखवार सही ठोकली.

समितीने पहिले बक्षीस अर्थातच रेषेच्या आत राहिलेल्या चित्राला दिले, आणि हद्दकाका दुसऱ्या दिवसापासून पूर्ववत असह्य झाले. तरीही, वाचकहो, आपल्या वसाहतीत असा कोणी असेल, तर त्याला दारातून परतवू नका. आपल्या दिवाणखान्याखाली पूर्वी कोणाचे भात पिकत होते, हे बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत छापलेले नसते. ते अशाच माणसाला ठाऊक असते. त्याला बसायला खुर्ची द्या, चहा द्या. मुलांपासून मात्र साखळीभर अंतरावर बसवा.