मान्यतेस्तव सादर

मुंबईहून येणारा द्रुतगती महामार्ग, घोडबंदराकडे वळणारा रस्ता आणि भिवंडीच्या दिशेने जाणारा जुना आग्रा रोड हे तिघे जेथे एकमेकांची ख्यालीखुशाली विचारण्यासाठी म्हणून थांबतात आणि मग कोणीच कोणास पुढे जाऊ देत नाही, त्या माजिवडा नाक्याच्या मागे, उंच मनोऱ्यांनी चहूबाजूंनी वेढा दिलेल्या गावठाणाच्या कडेस, एका चारमजली इमारतीत आमचे भाऊसाहेब राहतात. ते नवोदित लेखक आहेत. त्यांचे वय 65 आहे. या दोन विधानांत ज्यांस विसंगती दिसेल त्यांना आपल्या साहित्यसृष्टीचा शिरस्ता ठाऊक नाही असेच म्हटले पाहिजे. कारण जेथे उदय हा सूर्याच्या मर्जीवर नसून संपादकाच्या सवडीवर अवलंबून असतो, तेथे क्षितिजाखाली किती काळ तिष्ठत राहावे याला वयोमर्यादा नाही.

'भाऊसाहेब' हे त्यांचे नाव नव्हे. महसूल खात्यात कारकुनापासून तलाठ्यापर्यंत सर्वांस ज्या संबोधनाने लोक अदबीने, आणि काम अडले असल्यास अधिकच अदबीने, हाक मारतात ते संबोधन निवृत्तीनंतर पेन्शनीबरोबर त्यांच्या घरी आले एवढेच. अव्वल कारकून म्हणून ते 2018 साली निवृत्त झाले. त्यापूर्वीच्या छत्तीस वर्षांत त्यांनी टिपण्या, जबाब, पंचनामे, स्मरणपत्रे आणि स्मरणपत्रांची स्मरणपत्रे मिळून जो मजकूर लिहिला, तो एकत्र बांधल्यास मराठी ग्रंथसंग्रहालयाचे एक कपाट सहज व्यापील. आणि तो लिहिताना आपल्या अंगी प्रतिभा आहे की नाही, असा प्रश्न त्यांस एकदाही पडला नाही. पडण्याचे कारणच नव्हते. प्रत्येक टिपणीच्या शेवटी 'मान्यतेस्तव सादर' असे लिहून कागद वर सरकवला की वरचा अधिकारी डाव्या समासात एक वेडीवाकडी सही करी, आणि त्या सहीने मजकूर खरा, शुद्ध आणि अंतिम ठरे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यातील पहिली कथा लिहिली, शेवटचा पूर्णविराम दिला, आणि सवयीने कागद वर सरकवला. वर कोणीच नव्हते. त्यांच्या सर्व आधिव्याधींचा उगम तेथे आहे.

वरिष्ठ म्हणून घरात वहिनी होत्या. त्यांनी कथा चष्मा लावून समग्र वाचली आणि शेरा दिला, ''बरी आहे. पण यातली सगळी माणसे सकाळपासून उपाशी कशी?'' मराठीतील अर्ध्याअधिक कथांस लागू पडावी अशी ही टीका इतकी मर्मग्राही होती, की भाऊसाहेबांनी दुसऱ्या प्रकरणात घाईघाईने थालीपिठाचा प्रसंग घातला. पण सही काही मिळाली नाही.

त्यानंतर त्यांनी एक नोंदवही घातली. अनुक्रमांक, पाठविल्याचा दिनांक, कोणास, विषय, निकाल, शेरा, असे सहा रकाने. विषयाच्या रकान्यात 'विफल प्रेम', 'पाऊस (भावनिक)', 'सामाजिक. सासू' अशा नोंदी असून निकालाच्या रकान्यात अपवाद वगळता 'साभार परत' हे दोन शब्द मोत्यासारख्या अक्षरांत उतरत गेले आहेत. अपवाद वाचनीय आहेत. अनुक्रमांक 9 : 'पोच नाही.' अनुक्रमांक 14 : 'पाकीट परत, आत कथा नाही.' अनुक्रमांक 17 : 'कथा परत आली, परंतु दुसऱ्याची.' ही दुसऱ्याची कथा त्यांनी वाचून काढली आणि ते तीन दिवस अन्नपाण्यावाचून पडून राहिले, कारण ती त्यांच्या कथेहून चांगली होती, आणि तीही परतच आली होती. अलीकडे सारे संगणकावरून पाठवावे लागते आणि तिकडून होकार येत नाही तसा नकारही येत नाही, याचे त्यांना मनस्वी दुःख आहे. स्वतःचा पत्ता लिहून, पुरेशी तिकिटे डकवून सोबत दिलेले पाकीट आपल्याच अक्षरासह आपल्या दारी परत येई, तेव्हा निदान पोस्टमन तरी आपला वाचक आहे असे वाटे. आता नैराश्यालाही दाखला मिळत नाही.

नकार आल्यावर त्यांचा एक ठरीव विधी असे. पहिल्या दिवशी कपाळावर ओल्या फडक्याची घडी, टाळूवर तेल, आणि 'दप्तर बंद' अशी घोषणा. दुसऱ्या दिवशी पूर्वसूरींशी तुलना. हा दिवस सर्वांत वाईट. मासुंदा तलावाच्या काठी ज्यांच्या नावाचे रंगायतन 1978 पासून उभे आहे ते राम गणेश गडकरी 1919 साली गेले तेव्हा अवघे तेहतीस वर्षांचे होते. भाऊसाहेब तेहतिसाव्या वर्षी खात्याच्या परीक्षेस दुसऱ्यांदा बसले होते. ठाण्याचे ग्रंथसंग्रहालय 1893 साली ज्यांच्या उद्योगाने उभे राहिले आणि ज्यांनी पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिले ते विनायक लक्ष्मण भावे तेव्हा पंचविशीचेही नव्हते. भाऊसाहेब त्या संग्रहालयात जातात ते आपल्या आडनावाचे आद्याक्षर ज्या फळीवर येते तेथे दोन पुस्तकांच्या मध्ये बोटभर फट आहे किंवा कसे हे पाहण्यासाठी. गडकऱ्यांनी 'बाळकराम' या टोपणनावाने होतकरू कवींची जी रेवडी उडवली ती एकदा त्यांच्या हाती पडली आणि त्यांची पक्की खात्री झाली की, आपल्या जन्माआधीच कोणीतरी आपली चहाडी केली आहे.

तिसऱ्या दिवशी मात्र अंगातील महसुली रक्त उसळे व ते दाखल्यांची फाईल काढीत. कोणताही निर्णय पूर्वदाखल्यावाचून घ्यावयाचा नाही, हे खात्याचे बाळकडू. फाईलीतला पहिला दाखला तुकोबांचा. लोकांनी गाथा इंद्रायणीत बुडवावयास लावली, आणि तेरा दिवसांनी नदीने ती कोरडी परत केली, अशी कथा आहे. 'म्हणजे साभार परत,' असे समासात भाऊसाहेबांच्या अक्षरात लिहिले आहे, आणि खाली, 'तेरा दिवस. मुदत वाजवी.' दुसरा दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा. त्या 1868 च्या, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला 1934 साली, म्हणजे सहासष्टाव्या वर्षी. सबब एक वर्षाची मुदत शिल्लक आहे, असा अभिप्राय. तिसरा बहिणाबाई चौधरींचा : अक्षरओळख नाही, गाणी मुलाने व आप्तांनी टिपून ठेवलेली, 1951 साली बाई गेल्या आणि 1952 साली पुस्तक आले. या कागदावर फक्त एवढेच लिहिले आहे की, 'दाखला स्तुत्य. तथापि प्रस्तुत प्रकरणी लागू करू नये.'

या फाईलीच्या बळावर पुन्हा लेखणी हाती घेतली, म्हणजे खरा शत्रू भेटे. तो संपादक नव्हे. छत्तीस वर्षे ज्याने 'आहे' असे लिहिण्यापूर्वी 'असल्याचे दिसून येते' असे लिहून स्वतःचा बचाव केला, त्याच्या हातून कथेत 'ती आली' हे दोन शब्द निर्धास्तपणे उतरणे शक्य नव्हते. प्रथम 'ती आली' असे पडे. मग खोडून 'ती आली असावी'. मग 'ती आल्याचे समजते.' नायिका 'प्रथमदर्शनी सुंदर' असे, नायकाचे प्रेम 'चौकशीअंती खरे' ठरे, आणि मृत्यूचा प्रसंग इतक्या सावधपणे लिहिलेला असे की वाचकाने हरकत घेतल्यास मनुष्य पुन्हा जिवंत करता यावा. आपण जे लिहितो आहो ते आपणच पाहिलेले आहे, त्याखाली दुसऱ्या कोणाच्या सहीची जरुरी नाही, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती असे नाही. सांगणारे पुष्कळ होते. त्यांच्यावर कागद खर्च करण्यात अर्थ नाही. एवढेच सांगतो की, पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे डोंबिवलीत राहिलेले असल्याने तेथील हवेतच काही गुण असावा, असे एकाने सुचविल्यावरून भाऊसाहेब एका रविवारी डोंबिवलीस गेले, फडके रोडवर चार फेऱ्या मारल्या, दीर्घ श्वास घेतले, आणि अर्धा किलो चकल्या घेऊन सायंकाळच्या लोकलने परत आले.

हे प्रकरण असेच तहकूब राहिले असते. पण गेल्या वैशाखात गावठाणातल्या एक आगरी काकी, वय ऐंशीच्या घरातले, हातात उताऱ्याची चुरगळलेली नक्कल घेऊन दारात उभ्या राहिल्या. ''भाऊसाब, मना येक अर्ज लिवून द्या. शेतावर माजा नाव लावाचा हाय.''

मनोऱ्यांच्या सावलीत कसाबसा उरलेला चार-पाच गुंठ्यांचा तुकडा. उताऱ्यावर अजून वारलेल्या नवऱ्याचे नाव. वारसनोंद झालेली नाही. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे तेज आले ते पाहणाऱ्यास, हाच का तो नायिकेस 'प्रथमदर्शनी' सुंदर ठरविणारा मनुष्य, असा प्रश्न पडावा. अर्ध्या पानाचा अर्ज त्यांनी एका दमात, एकही खाडाखोड न करता लिहिला. मग जुन्या वहिवाटीने, वास्तविक जरुरी नसताना, त्यांनी विचारले, ''काकी, चतुःसीमा सांगा. पश्चिमेस काय?''

येथे काकींनी भूमापन क्रमांक सांगावयास हवा होता. त्यांनी सांगितले की पश्चिमेस बांध आहे, बांधावर चिंच होती, आणि भातलावणीच्या दिवसांत तिच्या खालच्या फांदीला थोरल्या पोराची झोळी टांगून त्या चिखलात उतरत. पोर रडले की सासू लांबून हाळी घाली, पण मुठीतली रोपे संपल्याशिवाय कोणी वर येत नसे. भाऊसाहेबांनी लिहिले. पूर्वेस खाडी, एका उधाणाला पाणी आत शिरून पीक खारावले, त्या वर्षी घरात काय शिजले, ते काकींनी दिवसवार सांगितले. (वहिनी आतून ऐकत होत्या. या कथेत कोणी उपाशी नाही, आणि होते ते का होते हे नीट लिहिले आहे, असे त्यांचे मत पडले.) उत्तरेस आग्रा रोड; त्यावरून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पहाटे ठाण्याच्या बाजारात चालत जावयाचे, आणि मागून ट्रकचा उजेड आला की आपलीच सावली पुढे धावे, तिच्या मागोमाग पावले उचलायची. भाऊसाहेबांचे लेखन चालूच होते. 'असल्याचे समजते' हा प्रयोग एकदाही झाला नाही; सांगणारी समोर बसली होती, आणि समजण्यासारखे काही उरले नव्हते.

मग त्यांनी सर्व वाचून दाखविले. काकी डोळे मिटून ऐकत होत्या. बांधावर काळी म्हैस उभी होती असे वाक्य आले तेव्हा त्यांनी डोळे उघडले. ''म्हस काली नव्हती, भाऊसाब. भुरी व्हती.''

भाऊसाहेबांनी 'काळी' खोडून 'भुरी' लिहिले. ''आता बराबर,'' काकी म्हणाल्या. सात वर्षांत त्यांच्या लेखनाला मिळालेली ही पहिली सही.

''आणि दक्षिणेस?''

काकी उठल्या, लुगड्याचा पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, ''ती मंग सांगन.''

कचेरीच्या खिडकीवरील तरुण लिपिकाने अर्धे पान ठेवून घेतले आणि 'चतुःसीमा' या मथळ्याचे नऊ पानी परिशिष्ट अदबीने परत केले. ''काका, हे लागत नाही.'' घरी येऊन भाऊसाहेबांनी त्याची स्वच्छ मुद्रणप्रत केली, स्थळप्रत ठेवली, आणि ती एका दिवाळी अंकाकडे धाडली. अनुक्रमांक 42, विषय : 'शेत.' त्या संपादकांनी जुन्या रीतीला स्मरून पाकीट परत पाठविले. वहिनींनी तेलाची बाटली काढून ठेवली, फडके भिजवले. भाऊसाहेब पाकीट न फोडताच म्हणाले, ''त्यांचे बरोबर आहे. तीनच बाजू होत्या,'' आणि चपला घालून बाहेर पडले. वहिनी इतक्या घाबरल्या की त्यांनी मला फोन केला.

मी गेलो तेव्हा भाऊसाहेब गावठाणात काकींच्या ओट्यावर बसले होते. पलीकडे मेट्रोच्या खांबांखाली नाक्यावरची वाहने तुंबून भोंगे वाजवीत होती. काकी सुपात सुकट निवडीत होत्या. भाऊसाहेबांच्या मांडीवर वही उघडी होती, आणि पानाच्या वरच्या बाजूस 'दक्षिणेस' एवढा एकच शब्द होता. ते रोज चारच्या सुमारास येतात असे कळले.

''आज नाय, भाऊसाब,'' काकी सुपावरून नजर न उचलता म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावले, वही मिटून बाजूला ठेवली, आणि सुपाचे एक टोक आपल्याकडे ओढून घेतले.