उपयोगितेचा दाखला

(मार्चअखेरची सकाळ. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये कडुनिंबाखाली एक पोह्यांची टपरी. बाकावर एका जुन्या कलासंस्थेचे चिटणीस, काखेतल्या बस्त्यावर तर्रीचा एकही ठिपका पडू नये अशा कसरतीने पोहे खात बसले आहेत. शेजारी एक होतकरू नाटककार, ज्याच्या नाटकाचे वय चार वर्षे आणि संस्थेचे वय अकरा महिने आहे. आणि टोकाला, पुढल्या हंगामासाठी नटी ठरवायला वडशाहून आलेला, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचा नाट्यनिर्माता, जो तूर्त केवळ ऐकतो आहे.)

होतकरू : चिटणीससाहेब, शासन कलावंतांना अनुदान देते असे ऐकतो. ते खरे, की नुसती वदंता?

चिटणीस : देते, निःसंशय देते! राजेरजवाड्यांच्या काळी शेला मिळे की हद्दपारी, हे महाराजांच्या पचनशक्तीवर अवलंबून असे; आता सारे नियमांवर अवलंबून आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे : दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे, सहामाही चार हप्त्यांत. गुरूपाशी किमान पाच वर्षे तालीम झालेली असावी. आपले वय?

होतकरू : सव्वीस.

चिटणीस : अरेरे! मर्यादा अठरा ते पंचवीस.

होतकरू : पण मी अजून होतकरूच आहे!

चिटणीस : लोकांच्या दृष्टीने. दप्तराच्या दृष्टीने आपण गेल्या वाढदिवशीच होऊन गेलात. काय होऊन गेलात, ते लिहायला मात्र रकाना नाही. पंचविशीनंतर कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे, दरमहा १०,०००. पण ती संशोधनासाठी. म्हणजे नाटक करायचे नाही, ते का होत नाही याचा अभ्यास करायचा.

होतकरू : तो अभ्यास घरच्या घरी चालू आहे. संस्थेच्या नावे अर्ज केला तर?

चिटणीस : उत्तम विचार. १८६० च्या अधिनियमाखाली संस्थेची नोंदणी, १९५० च्या अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त व्यवस्थेची नोंदणी, सरकारच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरचा नोंदणी क्रमांक, आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद.

होतकरू : संस्था अकरा महिन्यांची आहे हो!

चिटणीस : म्हणूनच म्हणतो, घाई करू नये. तान्ह्या बाळाने दुधासाठी रडावे, हा त्याचा हक्कच. फक्त मागील तीन वर्षांत किती दूध प्याले याचा सनदी लेखापालाने रुजवात केलेला हिशेब त्याने सोबत जोडावा.

होतकरू : बरे, धरा की तीन वर्षे जगलो. पुढे?

चिटणीस : नाट्यनिर्मितीला साधारण पाच लाखांपर्यंत साहाय्य मिळते, पण खर्चाच्या तीन चतुर्थांशापर्यंतच, उरलेला चतुर्थांश संस्थेचा. मंजूर रकमेपैकीही तीन चतुर्थांश आधी, आणि बाकी जमाखर्च व उपयोगितेचा दाखला दाखल केल्यावर. आपले नाटक किती रुपयांचे?

होतकरू : चार लाखांचे.

चिटणीस : म्हणजे अनुदान तीन लाख, हाती पडणार सव्वादोन. पडदा उघडण्यापूर्वी पावणेदोन लाख आपण उभे करायचे, पैकी पाऊण लाख मागाहून परत.

होतकरू : माझ्यापाशी पावणेदोन लाख असते, तर मी आपले पोहे बिघडवायला आलो असतो का?

चिटणीस : आमच्या संस्थेच्या इतिहासात बांगड्यांच्या दोन जोडांना मोठे स्थान आहे. ताळेबंदात त्या ‘हातउसने’ या सदराखाली आहेत.

होतकरू : आणि एवढे करून कलेचे काय?

चिटणीस : हसू नका, पैसा रयतेचा आहे. गोंदियाकडे धान पिकवणारा माणूस काडेपेटी घेतो तेव्हाही कर भरतो. त्याच्या पैशाची पावती मागितली तर त्यात अन्याय तो कोणता? त्यातून हे शहर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. राजधानी गेली, दप्तराची सवय राहिली. छळ होतो तो निराळाच. आमच्या एका नाटकात वादळाचा प्रवेश होता. भाड्याच्या पंख्याची पावती जोडली, तर एका लेखापरीक्षकाने शेरा मारला : ‘प्रयोग जानेवारीतला, पंख्याची निकड काय?’ मी कैफियत लिहिली, सात पाने. खरे सांगतो, मूळ नाटकापेक्षा तिच्यात संघर्ष अधिक होता.

(झाडीपट्टीचा निर्माता बशी खाली ठेवतो.)

निर्माता : मी बोलू का जी?

चिटणीस : बोला. आपल्याला कोणते अनुदान आहे?

निर्माता : तिकिटाचं. दिवाळी झाली का गावोगावची मंडळं वडशाला येतात, कंपनी ठरवतात. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला का त्याच रात्री नाटक. मांडव मंडळाचा, तिकीट मंडळाचं, ठरली ती बिदागी आमची. रात्री पडदा उघडला का पहाटेच पडते. कुडकुडत बसते माणूस, पण उठत नाही.

होतकरू : आणि नाटक पडले तर?

निर्माता : तर दोनच्या ठोक्याला मांडव रिकामा होते, बाप्पा! शेरा मारायला मग दुसरा माणूस लागत नाही.

चिटणीस : मात्र दिल्लीने दखल घेतली आहे हो यांची. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी.

निर्माता : मिळाली जी. आनंद झाला आम्हाले. पण पुढल्या हंगामात नवं पोरगं उभं करायचं, त्याले शिकवायचं, कपडे शिवायचे, जनरेटर आणायचा, तर उसनवारी आमचीच. एका रात्री पाऊस आला का वर्षाचं गणित गेलं. तुमचा तो अनुदानाच्या अर्जाचा कागद मले द्या ना एक.

चिटणीस : (चमकून) आपल्याला? आपली संस्था नोंदलेली आहे?

निर्माता : कंपनी आहे जी, धंदा आहे.

चिटणीस : मग नाही. साहाय्य ना-नफा संस्थांना.

निर्माता : गेल्या साली नफा झालाच नाही.

चिटणीस : झाला नाही, हे पुरेसे नाही, होऊ नये असा ठराव हवा.

होतकरू : (निर्मात्याकडे सरकत) काका, माझे नाटक चार वर्षांचे आहे. दोनच पात्रे.

निर्माता : दोन? रात्र कशी जाईल? एक लावणी टाका, एक खून टाका, मग वाचू. पैसे अर्धे आधी देतो.

चिटणीस : (हळू आवाजात) अहो... मी राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा उभा राहिलो आहे. तरुणपणी. आपल्याकडे एखादी... प्रौढ भूमिका?

निर्माता : आहे ना. तिसऱ्या अंकात तहसीलदार आहे. संवाद नाही, जप्तीच्या कागदावर सही करायची आणि निघायचं.

चिटणीस : सही करण्यापूर्वी मी कागद वाचतो. प्रत्येक पान. अंक लांबेल.

निर्माता : लांबू द्या जी. सकाळपर्यंत वेळ आहे.