राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 70 यांस

तीर्थरूप मांजरामाय यांच्या कोरड्या चरणी, भालकी तालुक्यातल्या एका होडीवाल्या घराचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आजवर आम्ही तुला 'तू' म्हणत आलो. पण सरकारी क्रमांक मिळालेल्या बाईंना अरेतुरे करणं बरं नाही, म्हणून यापुढे 'आपण'.

पत्रास कारण की, आमच्या थोरल्या काकांनी मोटारबोट घेतली. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, भिगवणच्या बाजूला, पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवून दाखवून थकलेली. मागं इंजिन, मधे फळ्या, बुडाला दोन ठिगळं. आमच्या घराण्यात याआधी नदी ओलांडली गेली ती गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून, त्यामुळे या खरेदीनं आमचा एकदम आरमारी दर्जा झाला. आता ती घरी आणायची कशी? काका म्हणाले, "पाण्यानं." त्यांनी वाचलं होतं की 2016 च्या कायद्यानं देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग झाले; भीमा त्यात 21 वी आणि आपण 70 व्या. (नागपूरची नाग नदीसुद्धा त्या यादीत आहे. ज्यांनी ती जवळून पाहिली, म्हणजे हुंगली आहे, त्यांनी यादीचा अंदाज तिथंच बांधला असता.) "राष्ट्रीय मार्ग म्हटल्यावर चालूच असणार," काका म्हणाले, "आणि टोल नाही."

मग ओसरीवर नकाशा पसरला. उजनीच्या भिंतीवरून बोट खाली कशी उतरवायची, हा प्रश्न 'ते बघू' या सदरात गेला. पुढे सगळं सोपं. पंढरपूर, सोन्नचा बंधारा, गाणगापूरला संगमावर दत्ताला हात जोडायचे, रायचूरच्या वरच्या अंगाला भीमा कृष्णेत शिरते तसं बोटीनंही शिरायचं. मग श्रीशैल, नागार्जुनसागर, विजयवाडा आणि थेट बंगालचा उपसागर. कारण माय, आपलं आणि भीमेचं गोत्र वेगळं. ती कृष्णेच्या घरची, आपण गोदावरीच्या, आणि मधे बालाघाटाची पाठ आडवी. म्हणून समुद्रातून उत्तरेला वळून गोदावरीच्या मुखात घुसायचं, धवळेश्वरमपासून एकेक भिंत चढत कंदकुर्ती गाठायची, तिथून आपल्या पात्रात शिरून निजामसागर, सिंगूर करत बिदर. इंदापूर तालुक्यातून भालकी तालुक्यात यायचं, बंगालच्या उपसागरावरून! काकूंनी एवढंच विचारलं, "डबा किती दिवसांचा बांधू?" आणि आजी म्हणाली, "पाण्यानं आणायची तर आधी पाणी आणा की रे."

आजीला ठाऊक नव्हतं, पण पाणी आणून झालं होतं. जलमार्गांचा तो कायदा अमलात आला 12 एप्रिल 2016 ला. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे त्याच दिवशी पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. धनेगावला आपलं धरण तळाला गेलेलं आणि लातूरचे नळ आटलेले. पुढे त्या गाडीला 'जलदूत' असं गोड नावही मिळालं. दिल्लीत आपण कागदावर जलमार्ग झालात, आणि आपल्याच खोऱ्यात पाणी लोहमार्गानं आलं. तेही कृष्णेचं! कृष्णेकडून गोदावरीकडे यायची जी वाट काका नकाशावर शोधत होते, ती अशी आधीच सापडलेली होती.

आता एखादा कायद्याचा किडा म्हणेल, यादीतली मांजरा सिंगूर धरणाच्या खालची, लातूर-बिदरची नव्हेच. कबूल. म्हणजे तेलंगणात आपण मंजीरा होता आणि राष्ट्रीयही होता. आमच्या दारात नुसत्याच मांजरा. आमच्या वाट्याला दुष्काळ महाराष्ट्र-कर्नाटक दोन्ही राज्यांचा आला, पाटी मात्र कुणाचीच नाही. तसा बिदरला वाहत्या पाण्याचा अनुभव नाही असं कुणी म्हणू नये. बहमनी राजवटीत नौबादेजवळ जमिनीखालून कारेज खोदून पाणी खेळवलं होतं. सुलतानांनी त्याला क्रमांक दिला नव्हता, एवढीच काय ती कसूर.

आपलं पाणी जातं कुठं, यावर मी एक परिच्छेद लिहिला होता. काकांनी तो काढायला लावला. आमचा दोन एकर ऊस उभा आहे.

कागदांचं मात्र उत्तम आहे. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. एका राज्यातली नोंदणी आता साऱ्या देशात चालते. तेव्हा बोट महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण कुठंही चालेल. फक्त तरंगायची सोय बघायची.

अखेर बोट आयशर टेम्पोतून आली. सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, मग इकडं. उमरग्याला चहाला थांबलो तर हॉटेलवाला बाहेर येऊन आधी आभाळाकडे बघत म्हणाला, "कुठं पूर आलाय का?" नाक्यावरच्या पोरानं माल काय म्हणून विचारलं. काकांनी मान ताठ करून "जहाज" सांगितलं. टोल पडलाच.

हॉटेलवाल्याला मी हसलो नाही. 2020 च्या ऑक्टोबरात भीमा अफजलपूरकडच्या गावांत शिरली, तेव्हा माणसं बाहेर काढायला बोटी मागवाव्या लागल्या होत्या. आमच्या भागात होडी दिसली की लोकांच्या मनात आधी तेच येतं.

सध्या बोट अंगणात, चिंचेखाली आहे. तीत सोयाबीनची पोती आहेत आणि एक कोंबडी अंड्यांवर बसली आहे. काका रोज संध्याकाळी इंजिनाला तेलाचं फडकं मारतात. लग्नाच्या वरातीसाठी दोघांनी भाड्यानं मागितली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवून. काकांनी अजून होकार दिलेला नाही.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : मृगानंतर तुला गुडघाभर पाणी आलं की निरोप धाड. बोट घेऊन आम्ही येऊ. तू अंगणापर्यंत येऊ नकोस.