पहिल्या लेनच्या मानकऱ्यांस अनावृत पत्र

प्रति,
पहाटे धावपट्टीवर चौघे-चौघे एका रांगेत विहार करणारे सन्माननीय नागरिक,
अमरावती व अकोला.

विषय : आखलेल्या वाटेवरील शिष्टाचार निकालात काढल्याबद्दल अभिनंदन.

महोदय, महोदया,

नॉर्वे, स्वीडन आदी देशांत हिवाळ्यात पायांना लांब, अरुंद पट्ट्या लावून बर्फाच्या माळरानातून आणि जंगलातून कोसच्या कोस घसरत जाण्याची जुनी प्रथा असून, डोंगरउतारावरून खाली झेपावण्याच्या स्कीपासून वेगळा ओळखता यावा म्हणून या प्रकारास क्रॉस-कंट्री स्की म्हणतात. त्यासाठी वाट तयार करावी लागते, म्हणजे एक अवजड यंत्र रात्री किंवा भल्या पहाटे भुसभुशीत बर्फ दाबून सारखा करते, सरळ पाय सरकवणाऱ्यांसाठी त्यात दोन समांतर खाचा पाडते आणि पाय तिरके मारत जाणाऱ्यांसाठी उरलेला पट्टा फणीने विंचरल्यासारखा करून ठेवते. अशा वाटेवरून बूट घालून चालत जाणे तेथे असभ्यपणाचे मानतात, कारण बुटाने पडलेला खळगा रात्रीच्या थंडीत गोठून दगडासारखा होतो आणि दुसऱ्या दिवशी वेगाने येणारा त्यात अडखळतो. समोरासमोर आल्यास प्रत्येकाने आपल्या उजवीकडे व्हावे, चढणाऱ्याने उतरणाऱ्यास वाट द्यावी, पडलेल्याने लवकर बाजूला सरावे, असे नियम आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने लिहूनच ठेवले आहेत. वऱ्हाडात बर्फ एक तर गोळेवाल्याच्या किसणीखाली आढळतो, नाही तर गारांच्या रूपाने वरूड-मोर्शीच्या संत्र्यांवर कोसळतो. त्यामुळे या नियमांशी मान्यवरांचा परिचय नसावा, असे कोणास वाटेल, परंतु तसे वाटणे म्हणजे मान्यवरांच्या कर्तृत्वास कमी लेखणे होय.

बर्फ नसला तरी वऱ्हाडास काळी माती लाभली आहे. कापूस पिकवणारी ही माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि ओली असताना तिच्यावर उमटलेले पाऊल वाळल्यावर विटेसारखे कडक होते, म्हणून तिच्यावर मैदान करायचे तर मुरूम पसरणे, पाणी शिंपडणे, रोलर फिरवणे आणि मग फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, रेघा मारणे असा सगळा खटाटोप करावा लागतो. हे काम करणारा माणूस सूर्योदयापूर्वी येऊन जातो आणि सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पावसाची सर येऊन गेल्यावर त्याच ओल्या पट्टीवरून पहिली फेरी मारण्याची तत्परता मान्यवर दाखवतात, तेव्हा त्यांच्या पावलांचे ठसे पुढचे कित्येक दिवस जतन होतात. शिलालेखांखेरीज इतके टिकाऊ लेखन या प्रांतात फारसे झालेले नाही.

पट्टीचे गणितही येथे सांगणे अगत्याचे आहे. प्रमाणित धावपट्टीची सर्वांत आतली, म्हणजे पहिली लेन ४०० मीटरची असते, प्रत्येक लेनची रुंदी १.२२ मीटर असते, आणि बाहेरच्या लेनमधून धावणाऱ्यास वळणांवर मोठा घेर घ्यावा लागत असल्याने तिसऱ्या लेनमध्ये एका फेरीस सुमारे १४.७ मीटर अंतर जास्त पडते. चौघे मान्यवर खांद्याला खांदा लावून निघाले की पहिल्या दोन लेन भरून जातात, आणि मागून येणाऱ्या मुलास तिसरीचा आश्रय घ्यावा लागतो. हा मुलगा बहुधा भरतीचा असतो, म्हणजे पोलीस शिपाई होण्याच्या आशेने तालुक्याच्या गावाहून येऊन शहरात खोली करून राहिलेला असतो, आणि त्या भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांच्या १६०० मीटर धावण्यास एकट्यास २० गुण असून ते सेकंदांच्या हिशेबाने घटत जातात. चार फेऱ्या तिसऱ्या लेनमधून मारल्याने त्याचे १६०० मीटर जवळपास १६५९ मीटरांचे होतात, हातातले घड्याळ दहा-अकरा सेकंद जास्त दाखवते, आणि आपण मंदावलो अशी त्याची प्रामाणिक समजूत होते. वाढीव ५९ मीटरांचे हे प्रशिक्षण मान्यवर विनामूल्य पुरवतात, याची नोंद कोणत्याही अहवालात झालेली नाही. त्याने मागून "काकाजी, सरका न जी" अशी हाक दिली, तर ती उद्धटपणाची खूण समजून त्यास वळण आणि वडीलधाऱ्यांचा मान यांवर उपदेश केला जातो, आणि त्या उपदेशासाठी सर्वांनाच जागेवर थांबावे लागत असल्याने तिसरी लेनही भरते.

दिशेचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. शर्यती जगभर डावा हात आत ठेवून, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने धावल्या जातात, तर प्रदक्षिणा उजवा हात देवाकडे ठेवून घालतात; मैदानाच्या मध्यभागी देवता नसली तरी तेथील गवतास देवत्व देऊन काही मान्यवर प्रदक्षिणामार्गच पत्करतात, आणि मग धर्म व क्रीडा यांची गाठ वळणावर समोरासमोर पडते. कानाऐवजी खिशात वाजणारी भजने, लांब दोरीचे श्वान आणि धावपट्टीवरच उरकले जाणारे योगासन यांविषयी न लिहिलेले बरे.

न्यायाने हेही म्हटले पाहिजे की मान्यवरांना दुसरी वेळ नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, सकाळी आठनंतर मैदान तव्यासारखे तापते, आणि रक्तदाबाचा रुग्ण, भरतीचा उमेदवार व शाळकरी खेळाडू या सर्वांना त्याच दोन तासांत त्याच पट्टीवर उतरावे लागते. चालण्यास कोणाचा विरोध नाही, संथ चालण्यासही नाही. एकामागे एक, बाहेरच्या लेनमधून चालले असता रक्तदाब तितकाच उतरतो, फक्त शेअर बाजाराची चर्चा थोडी मोठ्याने करावी लागते.

आश्चर्य याचे की तयार केलेल्या जमिनीचा मान राखणे हा वऱ्हाडाचा परका गुण नाही. ज्या अमरावतीत १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले, आणि जेथील पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके जगाला दाखवली, त्या भूमीत तेल, ताक, हळद घालून मऊ केलेल्या आखाड्याच्या तांबड्या मातीत चप्पल घालून पाय ठेवण्याची कल्पना कोणी करत नाही. ओल्या सारवणावर पाऊल पडले की घरातल्या आजीचा आवाज अंगणाबाहेर जातो. तिफणीने, म्हणजे एका वेळी तीन ओळी पेरणाऱ्या पाभरीने, टाकलेल्या तासांवरून कोणी आडवा गेला तर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जी हाक येते तिचे शब्द येथे छापण्याजोगे नाहीत. बर्फातल्या त्या दोन खाचा आणि तिफणीचे हे तीन तास यांच्यात फरक केवळ एका ओळीचा आणि हवामानाचा आहे. मान्यवरांपैकी अनेकांच्या घरी आजही शेती आहे आणि स्वतःच्या वावरात ते धुऱ्यावरूनच चालतात, त्यावरून हा शिष्टाचार त्यांना पाठ असून तो केवळ सातबाऱ्यावर नाव असलेल्या जमिनीस लागू होतो, असा निष्कर्ष निघतो.

तेव्हा सुचवायचे ते इतकेच की, दीर्घ वहिवाट लक्षात घेता पहिल्या व दुसऱ्या लेनचा सातबारा मान्यवरांच्या नावे करून द्यावा, भरतीच्या मुलांची नोंद 'इतर हक्क' या रकान्यात घ्यावी, आणि रोलर फिरवणाऱ्यास, त्या उताऱ्यावर त्याच्यासाठी रकानाच नसल्याने, नेहमीप्रमाणे उजाडण्यापूर्वी घरी जाऊ द्यावे.

कळावे. लोभ आहेच, तो एका लेनपुरता असावा, ही विनंती.