मूल हवं असेल तर ते इंजेक्शन नको

लग्नाला चार वर्षं झाली, घरात पाळणा हलत नाही. बायकोच्या सोनोग्राफ्या, पाळीच्या दुसऱ्या दिवशीचं रक्त, नळ्यांचा एक्सरे सगळं उरकतं आणि मग कुणाला तरी नवऱ्याची आठवण होते. त्याला थकवा आहे, इच्छा मंदावली आहे, पोट सुटलं आहे. रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी निघतं. कमी आहे ना, मग बाहेरून द्या, असा सरळ हिशेब करून इंजेक्शन सुरू होतं. थोड्याच दिवसांत गडी तरतरीत होतो. काही महिन्यांनी वीर्यतपासणीचा रिपोर्ट येतो आणि शुक्राणूंच्या रकान्यात एकच शब्द छापलेला असतो: निल.

याला नशीब म्हणून सोडून देऊ नका. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन हेच करतं, आणि वैद्यकशास्त्राला ते कधीपासून ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून हेच औषध तपासलं होतं. दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात २७१ पुरुषांपैकी १५७ जणांचे शुक्राणू सहा महिन्यांच्या आत शून्यावर आले. गर्भ राहू नये म्हणून तपासलेलं औषध मूल हवं असलेल्या माणसाला द्यायचं, ही चूक आजही होते याचा संताप येतो.

यामागचं गणित समजायला अवघड नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते. त्यांच्या हुकमावर वृषणं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू तयार करतात. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, त्यावरच शुक्राणू पोसतात. बाहेरून आयता माल आला की पिट्युटरी दोन्ही हुकूम थांबवते. रक्तातला आकडा झकास दिसतो, वृषणात मात्र दुष्काळ पडतो. जेल लावा, कॅप्सूल गिळा, फरक पडत नाही. अमेरिकेत २०१९ साली टेस्टोस्टेरॉनच्या कॅप्सूलला परवानगी मिळाली. गोळी म्हणजे सौम्य, असं समजून कुणी तिच्याकडे वळू नये.

मग गोळ्यांमध्ये काही आहेच का? आहे. क्लोमिफिन. स्त्रियांमध्ये बीज तयार व्हावं म्हणून अमेरिकेत १९६७ पासून मान्य असलेली, जुनी आणि स्वस्त गोळी. ती मेंदूला इस्ट्रोजेन जाणवू देत नाही, मग पिट्युटरी एलएच आणि एफएसएच वाढवते आणि वृषणं स्वतःच टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात. पण पुरुषांसाठी तिला तिथे अधिकृत मान्यता नाही, डॉक्टर आपल्या अनुभवावर आणि जबाबदारीवर ती देतात. घोडं इथेच अडतं. केमिस्ट चिठ्ठी वाचतो, पट्टी काउंटरवर ठेवतो आणि चारचौघांत विचारतो, "मिसेससाठी ना?" घरी आल्यावर आतला कागद उघडला, तर त्यात बीजांडकोषाचीच माहिती. बायकांचं औषध म्हणून ती पट्टी कपाटात पडून राहते. लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी दोन मिनिटं काढून हे आधी सांगायला नको का?

वजन जास्त असेल तर चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करून टाकते. ते रोखायला अशा काहींना लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोल देतात, मूळची स्तनाच्या कर्करोगाची औषधं. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेलं असेल तर कॅबरगोलिनच्या गोळीने अनेकांचं टेस्टोस्टेरॉन आपोआप वर येतं. वृषणच निकामी असेल आणि एफएसएच आधीच चढलेलं असेल, तर क्लोमिफिनचा उपयोग बहुधा होत नाही. म्हणून सकाळच्या वेळी दोनदा टेस्टोस्टेरॉन, सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन आणि वीर्यतपासणी, एवढं हातात आल्याशिवाय कुठलीच गोळी नको. मित्राची चिठ्ठी दाखवून तर नकोच. क्लोमिफिनने क्वचित नजर धूसर होते, तसं झालं तर ती लगेच बंद करावी लागते. आकडा वाढला म्हणजे मूल होईलच, अशी हमीही कुणी देऊ शकत नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे तीन महिन्यांआधी निकाल मागू नका.

आणि ते झिंक-फॉलिक ॲसिडचे महागडे डबे? २०२० साली 'जामा'मध्ये २,३७० पुरुषांवरचा अभ्यास आला. शुक्राणूही सुधारले नाहीत, मुलंही जास्त झाली नाहीत. ते पैसे नीट तपासणीला वापरा.

जिममध्ये ट्रेनरच्या हातून टेस्टोस्टेरॉनची सुई घेणाऱ्या पंचविशीतल्या पोरांनाही हेच लागू आहे. सुई थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परततात, पण त्याला महिने लागतात, आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना त्याहूनही जास्त. सुई चालू असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

टेस्टोस्टेरॉन लिहिण्याआधी प्रत्येक डॉक्टरने विचारलंच पाहिजे: मूल हवंय का, आत्ता किंवा पुढे कधी? त्यांनी नाही विचारलं, तर खुर्चीवरून उठण्याआधी तुम्ही सांगा.